टर्मिऑस.एच आणि कर्नलचं टर्मबिट्स.एच एका फाईलीत नांदत नाहीत, काय करावं?

धोटा

नमस्कार मंडळी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यासाठी प्रोग्रॅम लिहितोय. प्रत्येक लूमवर एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवलाय. पिक (आडवे धागे) किती झाले, ताणा तुटून लूम कितीदा थांबला, हे तो आरएस-४८५ या सिरीयल तारेवरून सांगतो. सगळ्या तारा शेवटी एका एआरएम बोर्डात येतात, त्यावर डेबियन १२ चालतं. भाषा सी.

बोर्डांचा बॉड रेट, म्हणजे सिरीयल तारेवरचा वेग, २,५०,००० आहे. सिरीयल पोर्टसाठी सी लायब्ररीचं हेडर म्हणजे टर्मिऑस.एच. त्यात बी९६००, बी११५२००, बी२३०४०० अशी ठरलेली नावं आहेत, त्यात २,५०,००० नाही. हुडकल्यावर कळलं की कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, टर्मिऑस२ नावाचं स्ट्रक्चर आणि बॉदर नावाचा फ्लॅग आहे, त्यातून हवा तो आकडा देता येतो. हे सगळं एएसएम/टर्मबिट्स.एच मध्ये आहे. ती फाईल इन्क्लूड केली की कंपायलर थांबतो: स्ट्रक्ट टर्मिऑसची व्याख्या दुसऱ्यांदा होतेय म्हणतो. इन्क्लूडचा क्रम उलटा करून पाहिला, तरी तेच.

तीन उपाय सापडले. एक, इन्क्लूडच्या आधी डिफाइन करून कर्नलच्या स्ट्रक्चरचं नाव बदलणं. दोन, टर्मिऑस२ ची व्याख्या कॉपी करून आपल्या हेडरमध्ये ठेवणं. तीन, वेगळी सी फाईल करणं. यातला बरोबर कुठला आणि का? नुसता एरर घालवायचा नाहीये. रात्रपाळीला तिथे हे समजणारं कुणी नसतं, प्रोग्रॅम महिनोन्‌महिने बिनबोभाट चालला पाहिजे.

पार्क_चौक

२,५०,००० कशाला? बोर्ड तुमचेच असतील तर १,१५,२०० करा की. विषय मिटला.

धोटा

@पार्क_चौक, बोर्ड आधीच बसलेत, त्यातला प्रोग्रॅम आमच्या हातात नाही. आणि २,५०,००० ला कारण आहे. त्यातलं क्रिस्टल १६ मेगाहर्ट्झचं आहे. १६ ने भागलं की दहा लाख, त्याला ४ ने भागलं की बरोबर २,५०,०००, चूक शून्य. त्याच क्रिस्टलवर १,१५,२०० नीट बसत नाही, एव्हीआर मायक्रोकंट्रोलरच्या डबल स्पीडमध्येसुद्धा २.१ टक्के फरक राहतो. लांब तार आणि लूमचा विजेचा गोंगाट, यात तेवढा फरक महागात पडतो.

कडकभाकरी

पहिला उपाय. डिफाइन करून नाव बदला, टर्मबिट्स इन्क्लूड करा, लगेच अनडेफ करा. तीन ओळींचं काम. मी सिरीयलच्या कितीतरी प्रोग्रॅममध्ये हेच करत आलोय, लै सोपं आहे. वेगळी फाईल वगैरे उगाच पसारा.

शेंगाचटणी

धोटा यांनी 'का' विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिनक्सवर सी लिहिताना आपल्यासमोर हेडरचे दोन मालक असतात. एक सी लायब्ररी, म्हणजे जीलिबसी किंवा मसल. दुसरा कर्नल. पॉझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाने, जे नाव, जे स्ट्रक्चर मागितलंय ते देणं लायब्ररीचं काम. कर्नल आपल्या सिस्टिम कॉलला लागणारी स्ट्रक्चरं स्वतंत्रपणे जाहीर करतो. २०१२ साली ३.७ आवृत्तीत डेव्हिड हॉवेल्स यांनी कर्नलच्या आत वापरायची हेडरं आणि बाहेरच्यांसाठीची हेडरं वेगळी केली, त्या बाहेरच्या भागाला यूएपीआय म्हणतात. ती हेडरं बसवणारं 'मेक हेडर्स_इन्स्टॉल' त्याच्याही आधीपासून होतं, २००६ च्या २.६.१८ पासून. जागा वेगळी झाली, पण सी भाषेत नेमस्पेस नाही, त्यामुळे नावं तीच राहिली आणि भांडण राहिलं.

आता खरा मुद्दा. दोन व्याख्या एकाच नावाच्या असल्या तरी त्या सारख्या आहेत का, हे आधी बघायचं. टर्मिऑसच्या बाबतीत त्या सारख्या नाहीत. कर्नलच्या स्ट्रक्चरमध्ये सी_सीसी हा अ‍ॅरे १९ चा, जीलिबसीच्या स्ट्रक्चरमध्ये ३२ चा. एआरएमवर आणि एक्स८६ वर कर्नलचा टर्मिऑस ३६ बाइटचा, जीलिबसीचा ६० बाइटचा. टर्मिऑस२ म्हणजे त्या ३६ वर वेगाचे दोन आकडे, एकूण ४४. टीसीगेटअ‍ॅट्र हे फंक्शन कर्नलकडून त्याचं स्ट्रक्चर घेतं आणि आपल्या ६० बाइटच्या स्ट्रक्चरमध्ये भरून देतं. तुम्ही चुकून ३६ बाइटची जागा त्याच्या हाती दिली, तर उरलेले २४ बाइट स्टॅकवर दुसऱ्याच कशावर तरी लिहिले जातात. एकाच नावाच्या दोन जॅकार्ड डिझाईन, पण एकीला हुक जास्त. चुकीच्या मशीनला लावली तर कापड निघतं, नक्षी मात्र बिघडलेली.

म्हणून कंपायलरचा हा एरर माझ्या मते उपकार आहे. तो गप्प करण्याआधी दोन्ही व्याख्या समोरासमोर ठेवून वाचाव्यात.

माझं मत तिसऱ्या उपायाला. एक छोटी सी फाईल करा. त्यात फक्त एएसएम/टर्मबिट्स.एच आणि सिस/आयओसीटीएल.एच. टर्मिऑस.एच त्यात चुकूनही नको. बाहेर एकच फंक्शन दिसू द्या: फाईल डिस्क्रिप्टर आणि बॉड रेट घेणारं. त्याच्या पॅरामीटरमध्ये कुठलंच टर्मिऑस नसावं.

कडकभाकरी

@शेंगाचटणी, नाव बदलल्यावर दोन स्ट्रक्चरं वेगळीच होतात की ओ. कर्नलवालं वेगळ्या नावाचं, लायब्ररीवालं आपल्या नावाचं. मग ३६ आणि ६० ची गल्लत होईलच कशी?

शेंगाचटणी

स्ट्रक्चरची होणार नाही, बरोबर आहे. पण मॅक्रोंचं, म्हणजे डिफाइनने दिलेल्या नावांचं काय? सी_सीसी अ‍ॅरेचा आकार सांगणारा एनसीसीएस हा मॅक्रो दोन्हीकडे आहे, एकीकडे १९, दुसरीकडे ३२. त्याचं नाव तुम्ही बदललेलं नाही. सिस्टिम हेडरमध्ये मॅक्रो पुन्हा डिफाइन झाला तर जीसीसी सहसा वॉर्निंगही देत नाही, जो शेवटी आला तो टिकतो. मग एनसीसीएसपर्यंत फिरणारा लूप तुमच्या फाईलीत १९ फेऱ्या मारतो की ३२, हे इन्क्लूडच्या क्रमावर ठरतं. हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि नाव बदलून कुणी एएसएम/टर्मिऑस.एच घेतलं, तर त्यात विनसाइझ आणि जुनं टर्मिओ स्ट्रक्चरही येतं, ते सिस/आयओसीटीएल.एच शी भांडतं. घ्यायचंच तर फक्त टर्मबिट्स घ्या.

गड्ड्यातला_पाळणा

मी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. दोन प्रश्न आहेत. मी स्वतः कर्नलचं हेडर इन्क्लूड केलेलं नसताना असे एरर येतात, तेव्हा ते कुठून घुसलं ते कसं हुडकायचं? आणि दुसरा उपाय, व्याख्या कॉपी करणं, त्यावर कुणीच बोललं नाही.

होटगीरोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जीसीसीला वजा मोठा एच हा पर्याय दे. कुठल्या फाईलने कुठली फाईल ओढली ते पाहिजे तितक्या खोलीपर्यंत ओळीओळीने छापतो, ओळीच्या सुरुवातीला जितके ठिपके तितकी खोली. त्यात लिनक्स/ किंवा एएसएम/ ने सुरू होणाऱ्या ओळी बघायच्या. वजा मोठा ई दिलास तर प्रीप्रोसेसरनंतरचं सगळं मिळतं, त्यात स्ट्रक्चरचं नाव शोधलं की दोन्ही व्याख्या सापडतात आणि वरच्या खुणांवरून फाईलही कळते. हे दोन पर्याय हाताशी असले की निम्मं काम झालं.

दुसऱ्याबद्दल: कॉपी करायला माझा विरोध आहे. टर्मिऑस२ सगळ्या प्रोसेसरवर सारखं नाही. पॉवरपीसीवर तर ते नाहीच, तिथे कर्नलच्या साध्या टर्मिऑसमध्येच वेगाचे आकडे आहेत. आज एआरएमवरून कॉपी केलेलं उद्या दुसऱ्या बोर्डावर कंपाइल होईल आणि चुकीचं चालेल. कर्नलचं हेडर त्या त्या प्रोसेसरचं बरोबर स्ट्रक्चर देतं, ते सोडून हाताने का लिहायचं?

जुळे_सोलापूरकर

धागा वाचून बरं वाटलं. सोलापुरात या विषयावर बोलणारी इतकी माणसं आहेत हे माहीत नव्हतं.

पाळणा, तुझ्यासारख्या मुलांच्या मेकफाईलीत एक गोष्ट मला फार दिसते, म्हणून लिहितो. कर्नलचं हेडर सापडलं नाही की मुलं यूएसआर/एसआरसी मधल्या लिनक्स-हेडर्सच्या फोल्डराचा रस्ता इन्क्लूडमध्ये घालतात. डेबियनवर लिनक्स-हेडर्स या नावाची पॅकेजेस कर्नल मॉड्यूल बांधण्यासाठी असतात. आपल्या साध्या प्रोग्रॅमसाठी पॅकेज वेगळं आहे, लिनक्स-लिबसी-डेव्ह. ते यूएसआर/इन्क्लूड मध्ये साफ केलेली यूएपीआय हेडरं टाकतं. गंमत म्हणजे अल्पाइनवर हेच काम करणाऱ्या पॅकेजचं नाव लिनक्स-हेडर्स आहे, फेडोरावर कर्नल-हेडर्स. त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे. पण कर्नलच्या आतली हेडरं यूजर प्रोग्रॅमला लावली की एकामागून एक शेकडो एरर येतात आणि त्यांना अंत नसतो.

पूर्वी तर यूएसआर/इन्क्लूड/लिनक्स ही सिमलिंकच असायची, थेट कर्नलच्या सोर्सकडे. कर्नल बदलला की हेडरं बदलायची आणि लायब्ररी मात्र जुन्या हेडरांवर बांधलेली. लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांनी २००० साली स्पष्ट सांगितलं होतं की असे सिमलिंक ठेवू नका, लायब्ररी ज्या हेडरांवर बांधली तीच तिथे राहू द्या. त्या काळात सर्व्हर सांभाळलेल्या माणसाला या सल्ल्याची किंमत कळते.

पार्क_चौक

जुळे_सोलापूरकर काका, दंडवत. पुढचा चहा सात रस्त्याला माझ्याकडून.

धोटा

वेगळी फाईल केली. कंपाइल झालं, चाललं, लूमचे आकडे यायला लागले. शेंगाचटणी आणि होटगीरोड, दोघींचे मनापासून आभार.

आता पुढचं. कारखान्याचा दुसरा शेड आहे, तिथे वेगळा बोर्ड आहे. पुरवठादाराने दिलेल्या एसडीकेमध्ये (बोर्डासाठी प्रोग्रॅम बांधायच्या संचात) मसल लायब्ररी आणि ४.१९ ची कर्नल हेडरं. तोच प्रोग्रॅम तिथे बांधला तर दुसऱ्याच फाईलीत एरर: स्ट्रक्ट सिसइन्फोची व्याख्या दोनदा. मी सिस/सिसइन्फो.एच वापरतो, बोर्ड किती वेळ चालू आहे ते बघायला. आणि लिनक्स/नेटलिंक.एच, नेटवर्कची तार निघाली का ते बघायला. डेबियनवर हे दोघं सुखाने राहतात.

होटगीरोड

हे ओळखीचं दुखणं आहे. जुन्या नेटलिंक.एच ने लिनक्स/कर्नल.एच ओढलेलं असतं आणि त्याने लिनक्स/सिसइन्फो.एच. जीलिबसीला त्रास होत नाही, कारण तिचं सिस/सिसइन्फो.एच स्वतःची व्याख्या न करता कर्नलचीच घेतं. मसल स्वतःची व्याख्या करते, म्हणून टक्कर. नेटलिंकला लिनक्स/कर्नल.एच मधून फक्त एक-दोन छोटे मॅक्रो हवे होते. कर्नलवाल्यांनी ५.११ मध्ये ते मॅक्रो लिनक्स/कॉन्स्ट.एच मध्ये हलवले, आणि नेटलिंकपुरता तरी हा गुंता सुटला.

म्हणून तुमच्या एसडीकेमध्ये नव्या कर्नलची यूएपीआय हेडरं बसवा. 'मेक हेडर्स_इन्स्टॉल' ला बसवायचा रस्ता देता येतो. हेडर चालू कर्नलपेक्षा नवं असलं तरी चालतं, कारण कर्नल जुने कॉल मोडत नाही. नवा कॉल वापरायचा असेल तरच तो चालू कर्नलमध्ये आहे का ते प्रोग्रॅममध्ये तपासावं लागतं.

एसडीके बदलणं शक्य नसेल तर पुन्हा तोच मार्ग, नेटलिंकचं काम एका स्वतंत्र फाईलीत.

कडकभाकरी

पण मसलवाले एक साधा ओळखीचा मॅक्रो का देत नाहीत? जीलिबसी देते ना. मसल आहे की नाही एवढं कळलं तरी कर्नलला आपली व्याख्या मागे घेता येईल. इतकी वर्षं लोक मागताहेत.

शेंगाचटणी

त्यांचं म्हणणं असं की अमुक लायब्ररी आहे म्हणजे अमुक गुण आहेत, असं गृहीत धरणं हाच दोष. गुण तपासा, नाव तपासू नका. मला ते पटतं. आणि याचं चांगलं उदाहरण आयपीव्ही६ मध्येच आहे.

नेटइनेट/इन.एच आणि लिनक्स/इन६.एच, दोन्हीत इन६_अ‍ॅड्र आणि सॉकअ‍ॅड्र_इन६ आहे. २०१३ मध्ये कार्लोस ओ'डोनेल यांनी यावर तोडगा काढला. कर्नलमध्ये लिबसी-कॉम्पॅट.एच नावाची फाईल आली. जीलिबसीचं हेडर आधी आलेलं असेल तर कर्नल आपली व्याख्या देत नाही, आणि कर्नलचं आधी आलं तर जीलिबसी देत नाही. हे करता आलं कारण या स्ट्रक्चरांची मांडणी दोन्हीकडे तंतोतंत एक आहे, जीलिबसीच्या सोर्समध्ये तसं लिहिलेलंही आहे. टर्मिऑसला हा तोडगा कधीच लागू पडला नसता.

पण त्या फाईलीत जीलिबसीचं नाव विचारलं जायचं. ज्यांचं नाव ते नाही त्यांच्यासाठी कर्नल सगळ्या व्याख्या द्यायचा, मसलवाले अडकायचे. पुढे फाईल बदलली. आता प्रत्येक व्याख्येसाठी एक मॅक्रो आहे आणि कुठलीही लायब्ररी तो आधीच शून्य करून ठेवू शकते: ही व्याख्या माझ्याकडे आहे, तू देऊ नकोस. मसल आज तेच करते. नाव न विचारता काम झालं.

होटगीरोड

सहमत, पण एक पुरवणी. हा समेट सगळीकडे दोन्ही बाजूंनी नाही. नेट/इफ.एच आणि लिनक्स/इफ.एच घ्या. लायब्ररीचं आधी, कर्नलचं नंतर, असा क्रम ठेवला तर जमतं, उलट ठेवला तर इफरेकवरून टक्कर होते. म्हणून माझी सवय: लायब्ररीची हेडरं वर, लिनक्स/ ची खाली. बऱ्याच वेळा एवढ्यानेच भागतं.

रिकामा_रजिस्टर

क्रम पाळूनही एकदा सगळ्यांनाच फटका बसला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये जीलिबसी २.३६ आली, तिने सिस/माउंट.एच मध्ये एफएसओपन, एफएसमाउंट वगैरे नवे कॉल घातले आणि त्यासोबत माउंट_अ‍ॅट्र हे स्ट्रक्चर. ते लिनक्स/माउंट.एच मध्ये आधीपासून होतं. वर लिनक्स/एफएस.एच ते आपणहून ओढायचं. म्हणजे काल बांधला जाणारा प्रोग्रॅम आज एक अक्षर न बदलता बांधला जाईना. क्यूईएमयू या एम्युलेटरलासुद्धा त्यासाठी सोर्स बदलावा लागला. नंतर जीलिबसीने दुरुस्ती केली: कर्नलचं हेडर उपलब्ध असेल तर तेच वापरायचं.

धोटा, तुमच्या डेबियन १२ वर २.३६ च आहे, म्हणून सांगितलं.

पार्क_चौक

मग चूक कुणाची धरायची, कर्नलची का लायब्ररीची?

जुळे_सोलापूरकर

दोघांची नाही, असं मला वाटतं. कर्नलने स्वतःचा करार जाहीर केलाच पाहिजे, नाहीतर नवा कॉल लायब्ररीत येईपर्यंत लोकांनी थांबायचं का? आणि लायब्ररीने पॉझिक्सची नावं दिलीच पाहिजेत. दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र दोन्हीकडे समजूतदार माणसं बसून एकेक टक्कर सोडवत आली, म्हणून आपण आज निवांत कंपाइल करतो. त्या कामाला ना प्रसिद्धी ना नाव.

गड्ड्यातला_पाळणा

मी वजा मोठा एच लावून पाहिलं. एवढ्याशा प्रोग्रॅममागे इतकी हेडरं असतात हे पहिल्यांदा पाहिलं. सिग्नल.एच आणि एएसएम/सिग्नल.एच यांच्यातही असंच आहे का?

शेंगाचटणी

हो, आणि ते टर्मिऑसच्या जातीचं आहे. एक्स८६-६४ वर कर्नलचा सिगसेट ८ बाइटचा, जीलिबसीचा १२८ बाइटचा. सिगअ‍ॅक्शनमधल्या फील्डांचा क्रमही वेगळा. कधीही मिसळू नकोस.

रिकामा_रजिस्टर

मूळ प्रश्नाकडे परत येतो. २०२५ मध्ये आलेल्या जीलिबसी २.४२ मध्ये टर्मिऑस.एच नेच कुठलाही बॉड रेट घ्यायची सोय केलीय. वेग ठरवणाऱ्या सीएफसेटओस्पीड या फंक्शनला सरळ २,५०,००० द्यायचे. टर्मिऑस२ ची गरजच राहत नाही. जुनं टर्मिओ.एच हेडरही त्याच आवृत्तीत काढून टाकलंय.

कडकभाकरी

मग झालं की! सगळ्यांनी नवी लायब्ररी घ्या.

शेंगाचटणी

डेबियन १२ वर २.३६, डेबियन १३ वर २.४१. धोटांना ती मिळायला अजून अवकाश आहे.

आणि कडकभाकरी, या बदलामुळे नाव बदलायची युक्ती जास्तच धोक्याची झालीय. २.४२ मध्ये बी९६०० या मॅक्रोची किंमत ९६०० च आहे. कर्नलच्या टर्मबिट्समध्ये मात्र तीच जुनी, १३. दोन्ही हेडरं एका फाईलीत आणलीत आणि टर्मबिट्स नंतर आलं, तर बी९६०० म्हणजे १३. तुम्ही तो सीएफसेटओस्पीडला द्याल आणि लायब्ररी समजेल की तुम्हाला १३ चा वेग हवाय. स्ट्रक्चरचं नाव बदललेलं असल्याने कंपायलर एक शब्द बोलणार नाही. तुमचे जुने प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर बांधाल तेव्हा हे आधी तपासा, ही कळकळीची विनंती.

कडकभाकरी

हा मुद्दा पक्का आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये ९६०० चे मीटर भरपूर आहेत. वेगळ्या फाईली करायला घेतो.

धोटा

दुसऱ्या शेडचाही प्रोग्रॅम बांधला गेला, नवी यूएपीआय हेडरं टाकून. फक्त मसलवर बॉड रेटच्या फाईलीत एक वॉर्निंग येते, टर्मिऑस२ वाचायच्या टीसीगेट्स२ या आज्ञेची किंमत इंटमध्ये मावत नाही अशी. दुर्लक्ष करू का?

शेंगाचटणी

मसलमध्ये अशी आज्ञा कर्नलला देणाऱ्या आयओसीटीएलचा दुसरा पॅरामीटर इंट आहे, जीलिबसीमध्ये अनसाइन्ड लाँग. टीसीगेट्स२ चा सर्वांत वरचा बिट लागलेला असतो, म्हणून ती वॉर्निंग. कर्नलला खालचे ३२ बिट बरोबर पोचतात, काम अडत नाही. तिथे इंटमध्ये कास्ट करा म्हणजे बिल्ड स्वच्छ राहील आणि खरी वॉर्निंग आली तर दिसेल.

दोन गोष्टी त्या फाईलीत अजून घाला. एक, स्टॅटिक असर्ट, म्हणजे कंपाइल होतानाच होणारी तपासणी: टर्मिऑस२ चा आकार ४४. तुमचे दोन्ही बोर्ड एआरएमचे आहेत म्हणून हा आकडा. वेगळ्या प्रोसेसरवर बांधायला घेतलं तर तिथेच थांबेल. दोन, टीसीसेट्स२ नंतर लगेच टीसीगेट्स२ करून सी_ओस्पीड परत वाचा. यूएआरटीच्या (सिरीयल पोर्टच्या सर्किटच्या) क्लॉकला नेमका आकडा जमला नाही तर काही ड्रायव्हर प्रत्यक्षात लागलेला वेग तिथे लिहितात. २,५०,००० पासून तो दोन टक्क्यांहून जास्त लांब असेल तर लॉगमध्ये नोंद करून प्रोग्रॅम तिथेच थांबवा, लूमचे चुकीचे आकडे गोळा करत बसू देऊ नका.